तासाभरात लिहिलेला शेरा

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले आणि सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला. तेव्हा माझ्या ओळखीतला प्रत्येक माणूस एका रात्रीत बाल न्याय कायद्याचा पंडित झाला होता. "त्याला सज्ञान म्हणून उभं करा" हे वाक्य मी त्या आठवड्यात भाजीवाल्यापासून भावजयीपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. (निबंधाच्या शिक्षेबद्दल मराठीच्या बाईंचं काय मत, असंही पुष्कळांनी खोचकपणे विचारलं. निबंध ही शिक्षाच नव्हे, हे मी नोकरीत असल्यापासून सांगत आले आहे!) पुढे जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने पोलिसांची ती मागणी फेटाळली, तेव्हा पुन्हा दोन दिवस आरडाओरडा झाला. पण मुलगा 'सज्ञान म्हणून' उभा राहणार की नाही, हे कशावरून ठरवतात, त्यासाठी कुठला कागद लागतो आणि तो कोण लिहितं, हे मला एकानेही विचारलं नाही.

मी मात्र त्या कागदापाशीच अडकले आहे. तो कागद म्हणजे मुलाच्या मानसशास्त्रीय तपासणीचा अहवाल. तो अनेकदा ज्या घाईने आणि ज्या भाषेत लिहिला जातो, ते पाहता त्याच्या आधारावर कुणालाही सज्ञान ठरवू नये आणि लहानही ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. का, ते सांगते.

आधी कायदा थोडक्यात. २०१२ च्या दिल्लीच्या त्या भयंकर प्रकरणानंतर देशभर जो संताप उसळला, त्यातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. त्याच्या आधी अठराच्या आतली सगळी मुलं एकाच मापाने मोजली जात. नव्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने सोळा ते अठरामध्ये एक फट पाडली. आरोप 'निर्घृण' गुन्ह्याचा असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर मंडळाने मुलाचं 'प्राथमिक मूल्यांकन' करायचं. त्यात काय पाहायचं? गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, त्याचे परिणाम समजण्याची कुवत, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. मुदत तीन महिने. मदतीला मानसशास्त्रज्ञ किंवा इतर तज्ज्ञ घ्यायचे. मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, असंही कलमातच लिहून ठेवलं आहे.

आता यातला पहिलाच प्रश्न बघा. गुन्हा करण्याची मानसिक क्षमता! अहो, दगड उचलून डोक्यात घालण्याची मानसिक क्षमता पहिलीतल्या पोरालाही असते. सोळा वर्षांच्या धडधाकट मुलाबद्दल या प्रश्नाचं उत्तर 'आहे' याखेरीज दुसरं येणार कसं? खरा प्रश्न दुसरा आहे, परिणाम समजण्याचा. आणि नेमका तोच पहिल्याच्या पोटात ढकलून मोकळं होता येतं. क्षमता आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे, म्हणजे परिणामही कळत असणार. झालं, लिहा.

हे मी कल्पनेने म्हणत नाही. २०१७ साली गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पुढे सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी म्हणून त्याने हे केलं, असा आरोप. न्यायालयाने त्या मुलाला 'भोलू' असं टोपणनाव दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या मंडळाने त्याचं मूल्यांकन करून त्याला सज्ञान म्हणून उभं करायचं ठरवलं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द करून पुन्हा करायला सांगितलं आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचं म्हणणं उचलून धरलं. गुन्हा करण्याची मानसिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत या दोन गोष्टी मंडळाने एकच धरल्या, ही मोठी चूक आहे, असं न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं. परिणाम म्हणजे केवळ समोरचा मरेल एवढंच नाही. त्याच्या घरच्यांचं काय होईल, आपलं आणि आपल्या घरच्यांचं पुढे काय होईल, हेही त्यात येतं. आणि मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, असंही सांगितलं.

निकाल उत्तम. पण तोवर पावणेपाच वर्षं गेली होती. सोळा वर्षांचा मुलगा एकविशी ओलांडून गेला होता. आता मूल्यांकन कुणाचं करायचं? समोर बसलेल्या तरुणाचं, की जो मुलगा आता उरलाच नाही त्याचं? ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुन्हा सज्ञान म्हणूनच खटला चालवायचं ठरवलं. म्हणजे एवढा द्राविडी प्राणायाम करून गाडी परत त्याच फलाटावर! या पाच वर्षांत ज्यांचं सात वर्षांचं लेकरू गेलं त्यांनी काय करायचं होतं? "तुम्हाला आरोपींचाच कळवळा" असं मला म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. पहिला अहवाल नीट झाला असता, पुरेसा वेळ देऊन, प्रश्न वेगवेगळे ठेवून, तर त्या आईबापांची एवढी वर्षं मूळ खटल्याऐवजी या वादात गेली नसती.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मानसशास्त्रात एम.ए. करून एका जिल्ह्याच्या गावी हे काम करते. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली ती प्रश्नांची इंग्रजी यादी घेऊन. "बाई, याचं आपल्याकडच्या मुलांना कळेल असं मराठी करून द्या." कुणाचं नाव नाही, गाव नाही, नुसते प्रश्न. आम्ही दोन दुपारी त्यात घालवल्या. "तुझ्या कृतीच्या परिणामांची तुला जाणीव होती का?" असं एक मराठी कुणीतरी आधीच करून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "अगं, याला सरकारी वकीलसुद्धा उत्तर द्यायला घाबरेल!" आम्ही ते "असं केल्यावर पुढं काय काय होतं, सांग बरं" असं केलं. त्यातही 'काय' दोनदा, मुद्दाम. एकदा विचारलं की मूल एक उत्तर देऊन थांबतं.

मग तिने कामाची रीत सांगितली. सकाळी फोन येतो. दुपारी रिमांड होममधून मुलगा येतो, सोबत साध्या वेशातला पोलीस. तास, फार तर दीड तास. पोलीस दाराबाहेर, पण दार उघडं. अहवाल उद्या हवा, तोही इंग्रजीत. मुलगा बोलला मराठीत, किंवा पारध्यांच्या, वडारांच्या बोलीत, अहवाल इंग्रजीत, आणि वाचून सही करणाऱ्या बापाला त्यातलं अक्षर लागत नाही. मुलाने म्हटलेलं 'मला काय कळंना झालं' हे वाक्य इंग्रजीत जाताना काय होऊन जात असेल, याचा विचार करा. कळत नव्हतं? घाबरला होता? की आता आठवत नाही? तिन्हीचे अर्थ वेगळे, आणि पंधराव्या कलमापुढे तर फारच वेगळे.

चौतीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई एवढं नक्की सांगू शकते की मुलांचं 'माहीत नाही' हे पाच-सहा प्रकारचं असतं. खरंच माहीत नाही, हा त्यातला सगळ्यात दुर्मीळ! बाकी भीती, लाज, कंटाळा, दोस्ताला वाचवणं, आणि "तुम्ही कोण मला विचारणाऱ्या" हा ताठा. कुठलं कुठलं ते ओळखायला मला जूनपासून दिवाळी लागायची, आणि ते मूल रोज डोळ्यांसमोर असायचं. तासाभरात ते ओळखणाऱ्या तज्ज्ञांना माझा साष्टांग नमस्कार.

आता चाचण्यांकडे वळते, कारण अहवालात सगळ्यात वजनदार दिसतो तो बुद्ध्यांक. आकडा दिसला की माणसं गप्प होतात. पण हा आकडा येतो कुठून? बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं हुडकायला. गुन्हेगार निवडायला नव्हे. आपल्याकडे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचं मराठी आणि कानडी रूप केलं. त्या काळात एवढं काम करणं म्हणजे तपश्चर्याच, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. नागपूरला मालिन यांनी १९६० च्या दशकात वेक्स्लर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी बसवली. या दोन्ही आपल्याकडे अजून चालतात. पण मालिन यांची चाचणी आहे सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि पंधरावं कलम लागतं सोळा पूर्ण झाल्यावर! चौथीच्या पेपरवर बारावीच्या मुलाला पास-नापास करावं तसला हा प्रकार. शिवाय तक्ते जुने असले की आजच्या मुलाचा आकडा त्यावर फुगून येतो, हे मानसशास्त्राची माणसंच सांगतात. म्हणजे मुलगा आहे त्याहून शहाणा दिसणार, आणि शहाणा दिसला की सज्ञान ठरायला मदत! आणि समजा आकडा अगदी बरोबर आला, शंभर आला. त्याने काय कळलं? माझ्या वर्गातली गणितात पहिली येणारी पोरं मित्रांनी चिथावल्यावर विहिरीच्या काठावरून पळत सुटायची. गणित येत होतं, विहीरही दिसत होती. एकटी असती तर पळाली नसती.

याहून एक काळजीची गोष्ट. मूल्यांकन होतं तेव्हा गुन्हा शाबीत झालेला नसतो. तरी 'कोणत्या परिस्थितीत' हे तज्ज्ञाने शोधायचं. म्हणजे विचारायचं काय? "तू हे का केलंस?" मुलाने मायेने बोलणाऱ्या ताईला सगळं सांगितलं की तो कबुलीजबाब झाला का? सांगितलं नाही तर 'पश्चात्तापाचा अभाव' असा शेरा का? ज्याने केलंच नाही त्याने पश्चात्ताप कुठून आणायचा? गुरुग्रामच्या त्याच प्रकरणात पहिल्यांदा धरला होता तो शाळेच्या बसचा कंडक्टर, आणि त्याने कबुली दिली असंही पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. पुढे तो निर्दोष सुटला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणी संमतीवाचून करायला मनाई केली, कारण माणसाला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही. मग इंजेक्शनऐवजी गोड बोलून तेच काढून घेतलेलं कसं चालतं?

शाळेत प्रगतिपुस्तकावर शेरा लिहायचा माझा एक नियम होता: जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं. 'आळशी' लिहायचं नाही, 'गृहपाठ सात वेळा आणला नाही' असं लिहायचं. सातवेळा का आणला नाही ते वेगळं विचारायचं, आणि बहुतेक वेळा उत्तर घरी रॉकेल नव्हतं किंवा धाकटं भावंड सांभाळायला होतं असं निघायचं. अहवालाबद्दल माझी मागणी याहून मोठी नाही. तज्ज्ञाने पहिल्यांदा मुलाला सांगावं की मी तुझा डॉक्टर नाही, तू बोलशील ते मंडळापुढे जाईल, नको वाटलं तर बोलू नकोस. एकदा नाही, दोन-तीनदा भेटावं. पहिल्या दिवशी तर कामाचं काहीच निघत नसतं. आईला भेटावं, शाळेच्या जनरल रजिस्टरात डोकावावं, वर्गशिक्षकाला फोन करावा. डोक्याला कधी मार लागला होता का, फिट येते का, कधीपासून काय ओढतो, हे बघावं. आणि लिहिताना: किती वेळ भेटले, कोणत्या भाषेत, खोलीत आणखी कोण होतं, कोणती चाचणी आणि ती या वयाला लागू आहे का. मुलाची वाक्यं त्याच्याच बोलीत, जशीच्या तशी. पाहिलेलं एकीकडे, त्यावरून वाटलेलं दुसरीकडे. आणि जे समजलं नाही ते 'समजलं नाही' असं लिहायची हिंमत. डॉक्टर एक्स-रे धुरकट आला तर पुन्हा काढायला सांगतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप मला पाठ झाला आहे. कायद्याने तीन महिने दिलेत. नव्वद दिवसांतले तीन तास मागते आहे मी. ते पुरत नसतील तर माणसं वाढवा, मानधन वेळेवर द्या. ती बिचारी मुलगी स्वतःच्या पैशाने एसटीने जाते-येते.

"आणि मुलगा खरंच राक्षस असला तर?" असला तर नीट केलेल्या तपासणीत तेही दिसेल, आणि मग तो अहवाल वरच्या कोर्टात टिकेल. हलगर्जीपणाने लिहिलेला अहवाल त्याच्यासारख्याला सुटायची वाट करून देतो.

त्या मुलीने आता अहवालाच्या पहिल्या पानावर भेटीचा वेळ आणि भाषा लिहायला सुरुवात केली आहे. मागच्या एका अहवालात तिने लिहिलं, 'सव्वा तासाच्या एका भेटीवरून परिणाम समजण्याच्या कुवतीबद्दल मत देता येत नाही. आणखी दोन भेटी आवश्यक.' तो अहवाल परत आला. सोबत चिठ्ठी होती: रकाना रिकामा ठेवू नये, 'होय' किंवा 'नाही' भरून पाठवावे. तिने भरलेला नाही. "बाई, आता काय करू?" म्हणून तिचा फोन आला होता. मी म्हटलं, "तेच वाक्य मराठीत लिही, खाली सही कर, आणि पाठव परत."