मास्तरांची ऑनलाइन पदवी वाडीतल्या पोराच्या कामी कधी येणार?

समावेशित शिक्षणाचे अभ्यासक्रम आता मोबाइलवर आले; पण दोन शिक्षकी शाळेत ते शिकून वापरायचं कुणी आणि कधी?

कर्जत / खालापूर : या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी एकच नाही. डोंगराच्या पायथ्याला, पठारावर, जिथे ठाकर समाजाची वस्ती आहे तिथे हे नाव सापडतं. कर्जत-खंडाळा घाटातल्या रेल्वेच्या एका केबिनलाही हेच नाव आहे. अशा वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचं चित्र बहुतेकांना माहीत आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार-पाच वर्ग. पावसात ओढा आडवा येतो, उन्हाळ्यात शाळेच्या नळाला पाणी नसतं.

या शाळेवरच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या मोबाइलवर सध्या एक नवी जाहिरात दिसू लागली आहे. घरबसल्या पदव्युत्तर शिक्षण घ्या, समावेशित शिक्षणाचं नेतृत्व करा. देशातली विद्यापीठं आहेत, परदेशातलीही आहेत. वाडीतली बी.एड. झालेली पोरंपोरीही या जाहिराती बघतायत.

शिकावं की नाही, हा प्रश्न नाही. शिकलेलं कधी वाया जात नाही. प्रश्न असा, की ही पदवी वर्गात मागच्या रांगेत गप्प बसलेल्या पोरापर्यंत पोहोचते का? आणि पोहोचत नसेल, तर मध्ये अडतंय कुठे?

समावेशित म्हणजे नुसतं पटावर नाव नव्हे

समावेशित शिक्षण म्हटलं की बहुतेकांना व्हीलचेअर आणि शाळेचा उतार आठवतो. उतार हवाच. पण गोष्ट तिथे संपत नाही. प्रत्येक मूल, मग ते अपंग असो, वेगळी बोली बोलणारं असो, कामासाठी आईबापाबरोबर गाव सोडणारं असो, त्याच शाळेत, त्याच वर्गात, सगळ्यांबरोबर शिकलं पाहिजे. आणि त्यासाठी बदलायचं ते शाळेने. पोराने नव्हे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुसरीतला एक मुलगा आहे. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही. वर्गात शेरा ठरलेला : लक्ष नाही, मंद आहे.

पण कारणं चार असू शकतात. एक, त्याला लांबचं नीट दिसत नसेल. मग उपाय आहे चष्मा. दोन, कान फुटून फुटून ऐकू कमी येत असेल. मग तपासणी, औषध, गरज पडली तर श्रवणयंत्र. तीन, घरी ठाकरी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. पोराला उत्तर येतंय, पण आपल्या शब्दात सांगितलं तर हसतील म्हणून ते गप्प आहे. मग उपाय आहे बाईंनी त्याच्या बोलीतला शब्द आधी फळ्यावर घेणं. चार, शेजारच्या कातकरी वाडीवरचं पोर असेल, आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले असतील आणि पोर थेट पावसाळ्याच्या तोंडावर परतलं असेल. मग त्याचा बुडालेला अभ्यास भरून काढायला हवा. पुढच्या वर्षी जाण्याआधी त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायला हवं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल.

बाहेरून चारही पोरं सारखीच दिसतात. उपाय मात्र चार वेगळे. कुठलं पोर कोणतं, हे ओळखणं आणि मग डॉक्टर, विशेष शिक्षक, अंगणवाडी सेविका, आईबाप या सगळ्यांना एका जागी आणणं, यालाच या अभ्यासक्रमांच्या भाषेत नेतृत्व म्हणतात. शब्द मोठा आहे, काम रोजचं आहे.

कायदा भक्कम, माणूस तोकडा

कागदावर आपल्याकडे कमी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि शाळांना समावेशित शिक्षण बंधनकारक केलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात यावर वेगळं प्रकरण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं. प्राथमिकला अशा दर १० मुलांमागे एक, वरच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक. तरी राज्यं हलेनात, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की पदं मंजूर करा आणि जाहीर करा.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांना त्यातून कायम होण्याची वाट मिळाली, हे चांगलंच झालं. पण हिशेब करून बघा. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा. महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले, तर एका शाळेच्या वाट्याला विशेष शिक्षक महिन्यातून दोनदा येणार. त्यातही बैठका, माहिती भरणं, शिबिरं आहेत. रस्त्याला लागून असलेल्या शाळेत जाणं सोपं, डोंगरावरची वाडी मागे पडते. म्हणजे उरलेले बावीस दिवस ते पोर वर्गशिक्षकाच्याच हाती.

मुख्याध्यापकच नाही, तर नेतृत्व कुणाचं?

खरी गोम इथे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पटाचा हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक मात्र पट १५० च्या वर गेला तरच. आता ठाकुरवाडीच्या शाळेत १५० पोरं येणार कुठून? वाडीच तेवढी नसते.

म्हणून अशा शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडेच प्रभार येतो. तोच दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो, ऑनलाइन माहिती भरतो, बैठकीला जातो, निवडणुकीचं काम आलं तर तेही करतो. समावेशित शिक्षणाचं नेतृत्वही त्यानेच करायचं. त्यासाठी वेगळा तास नाही, वेगळा भत्ता नाही, वेगळं पदही नाही.

इंग्लंडमध्ये हे उलट्या बाजूने सुरू झालं. तिथे प्रत्येक सर्वसाधारण सरकारी शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम बघणारा एक समन्वयक शिक्षक असावाच लागतो. २००९ पासून नव्या समन्वयकाला तीन वर्षांच्या आत त्या कामाचं पदव्युत्तर दर्जाचं प्रशिक्षण घेणं बंधनकारक झालं. २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणाचं रूप बदललं, पण नियम राहिला. म्हणजे आधी जबाबदारीची खुर्ची, मग तिच्यासाठी अभ्यास. आपल्याकडे अभ्यासक्रम आला, खुर्ची अजून आलेली नाही. पदवी घेतलेला शिक्षक सोमवारी शाळेत येतो आणि पुन्हा त्याच कामांच्या ढिगाऱ्यात बसतो.

त्यात बदली आहे. शिक्षकाने पदरचे पैसे घालून शिकावं, वाडीतली पोरं ओळखावीत, आणि बदलीच्या यादीत नाव लागलं की सगळं ज्ञान त्याच्याबरोबर ओढ्यापलीकडे जावं. मागून आलेल्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नोकरी सांभाळून शिकणं नवं नाही

मग ऑनलाइन शिकण्यात अर्थच नाही का? तसं मुळीच नाही. आपल्याच कोकणपट्टीत याचा जुना दाखला आहे. अनुताई वाघ शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रशाळेत शिकल्या आणि १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बी.ए. त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर केलं. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडला गेलं.

तिथल्या आदिवासी पोरांना गुरं राखायला जावं लागायचं, म्हणून ती शाळेत येत नव्हती. या बायांनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. गुरं चरतायत आणि पोरं शिकतायत, ती कुरणशाळा. अंगणवाडी ही कल्पनाही याच कामातून पुढे आली. समावेशित शिक्षण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण गोष्ट तीच : पोर बदलायचं नाही, शाळा बदलायची.

यातून धडा एवढाच, की अभ्यास आणि काम एकाच मातीत असले तर दोन्हीला अर्थ येतो. चांगला अभ्यासक्रम तो, जो शिक्षकाला स्वतःच्या शाळेवर काम करायला लावतो. वर्षभराच्या प्रकल्पात आपल्याच वाडीतल्या पाच पोरांचा माग ठेवा, पालकांशी बोला, काय बदललं ते लिहा, असं सांगणारा अभ्यासक्रम कामाचा. नुसते व्हिडिओ आणि शेवटी टिकमार्कची परीक्षा असेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर आणि पोर मागच्या रांगेतच.

पैसे भरण्याआधी हे बघा

वाडीतले तरुण आणि शिक्षक, दोघांसाठी काही गोष्टी स्पष्ट असलेल्या बऱ्या.

• विद्यापीठाला आणि त्या ठरावीक अभ्यासक्रमाला ऑनलाइन किंवा दूरस्थ शिक्षणाची यूजीसीची मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघा. मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

• नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी घेतली म्हणून कुणी विशेष शिक्षक होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणाचा डी.एड. किंवा बी.एड. आणि परिषदेची नोंदणी लागते. ‘हा कोर्स करा, विशेष शिक्षकाची नोकरी पक्की’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

• परदेशी पदवीची फी मोठी असते. आपल्याकडे ती कुठे चालेल, हे आधी लेखी विचारा.

• नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आणि इग्नूचे शैक्षणिक व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम शिक्षकांच्या ओळखीचे आहेत. दीक्षा ॲपवर शिक्षकांसाठी समावेशित वर्गाचे आणि शालेय नेतृत्वाचे घटक मोफत आलेले आहेत. आधी ते करून बघा, मग मोठ्या फीचा विचार करा.

• जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्या.

गावाने विचारायचे चार प्रश्न

हे सगळं शिक्षकावर सोडून भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांना असतात. ही समिती फक्त सहीपुरती नाही. पुढच्या बैठकीत चार साधे प्रश्न विचारता येतील.

पहिला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक यंदा शाळेत आलं का? ते वर्षातून एकदा शाळेत यायला हवं. आलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या पोरांचं पुढे काय झालं?

दुसरा, प्रशस्त ॲपवर मुलांची प्राथमिक चाचपणी झाली का? यात पहिली नोंद वर्गशिक्षक करू शकतो. ती म्हणजे अपंगत्वाचा शिक्का नव्हे, पुढे तपासायला हवं एवढंच त्यातून कळतं.

तिसरा, प्रमाणपत्राचं काय? जिल्हा रुग्णालय अलिबागला. कर्जतच्या वाडीवरून खोपोली, पेण करत तिथे जायचं म्हणजे आईबापाची दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. एकेका घराने जाण्यापेक्षा केंद्रातल्या सगळ्या पोरांसाठी तालुक्यालाच शिबिर लावा, अशी मागणी समितीच्या ठरावाने करता येते. ठराव लेखी असला की त्याचं उत्तर द्यावं लागतं.

चौथा, प्रत्येक पोराची नोंद शाळेत राहते का? कुणाला काय अडचण, कुठला उपाय केला, कशाने फरक पडला, एवढं एका वहीत लिहून ठेवलं तर गुरुजींची बदली झाली तरी ती वही शाळेत राहते.

शिक्षण विभागासाठीही दोन गोष्टी आहेत. ज्या शिक्षकाने असा अभ्यास केला, त्याला केंद्रातल्या बाकी शाळांना महिन्यातून एक दिवस मार्गदर्शन करायला मोकळा करा. पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशा शिक्षकांची यादी करून विशेष शिक्षकांबरोबर त्यांची जोडी लावली, तर एका पदवीचा उपयोग दहा-बारा शाळांना होईल. आणि छोट्या शाळेतला प्रभारी हाच मुख्याध्यापक आहे हे मान्य करून त्याच्या डोक्यावरचं कागदी काम कमी करा. या दोन्हीला इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रम येत राहतील, जाहिरातीही येत राहतील. गुरुजींनी पदवी घेतली तर वाडीने आनंदाने अभिनंदन करावं, शाल-श्रीफळ द्यावं. आणि त्याच बैठकीत विचारावं : गुरुजी, मागच्या रांगेतल्या आमच्या पोराला फळा दिसतोय का?