नोटीस पोहोचल्यावाचून नामांतरण नको

शाहपूर, इच्छापूर, खकनार, नेपानगर आणि बऱ्हाणपूर शहरातील समस्त मराठी भाषिक बंधुभगिनींस निवेदन

दिनांक 29 फेब्रुवारी 2024 पासून मध्य प्रदेशाच्या सर्व 55 जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या बऱ्हाणपुरातही, ‘सायबर तहसील’ अमलात आली असून, संपूर्ण खसरा क्रमांकाचे खरेदीखत नोंदविले गेले की खरेदीदाराने तहसीलदारापुढे हजर न होता, वेगळा अर्जही न करता, नामांतरणाचे प्रकरण आपोआप उभे राहते, पटवाऱ्याचा अहवाल संगणकावरच येतो, पक्षकारांस मोबाइलवर सूचना जाते आणि कोणाची हरकत न आल्यास हुकूम होऊन दप्तरातील नाव बदलते. ज्या कामापायी आमच्या वाडवडिलांनी कचेरीचे उंबरठे झिजविले, ते घरबसल्या व्हावे हे इष्टच होय. आणि तारीख कोणती पडली हे पाहण्यासाठी पक्षकाराला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागत नाही, हा उपकारही आम्ही नाकारीत नाही. परंतु ‘हरकत आली नाही’ या एका वाक्यावर ही सारी इमारत उभी आहे, आणि ज्याने हरकत घ्यावयाची त्याच्या कानी खबर गेली की नाही, हे विचारण्याचे काम मात्र कोणावरच राहिलेले नाही.

उदाहरण आपल्या घरोघरचे आहे. इच्छापूर-शाहपूरकडच्या लेकी रावेर-मुक्ताईनगरास दिलेल्या असतात. बाप वारल्यावर वारसांत त्यांची नावे लावण्याची तसदी भाऊ घेत नाहीत. आणि पुढे केळीची ती जमीन विकली गेली तर यंत्राच्या दृष्टीने पक्षकार दोनच, घेणारा व देणारा, जे दोघेही हरकत घेणार नाहीत हे उघड आहे. 2005 च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध शब्दांत दृढ केला, तरी प्रांताच्या सीमेपलीकडे नांदणाऱ्या त्या बहिणीला आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावे चढल्याचे कळावयाचे ते एखाद्या लग्नकार्यात, कोणाच्या तरी तोंडून.

यावर सरकारी उत्तर तयार आहे: नामांतरणाने मालकी सिद्ध होत नाही, बाईने दिवाणी दावा लावावा. कायदा तसाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात 2021 मध्ये तो पुन्हा सांगितला. पण मधल्या काळात त्या नोंदीवर पेढीचे कर्ज निघते, जमीन तिसऱ्याच्या ताब्यात जाते, आणि जी चूक यंत्राने काही दिवसांत केली ती दुरुस्त करण्यासाठी वकालतनामा, कैफियत, मनाई हुकूम, साक्षीपुरावे, अपील अशा वाटेने त्या बाईचे निम्मे आयुष्य खर्ची पडते. बलवानास वेग आणि दुर्बलास तारखा, ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

आता न्यायालयांतही कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. ई-न्यायालय योजनेच्या तिसऱ्या टप्प्यास 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले, त्यांत 53.57 कोटी या व अशाच नव्या तंत्रांसाठी आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने काय अनर्थ होऊ शकतो हे मुंबई उच्च न्यायालयासमोर ऑक्टोबर 2025 मध्ये आलेच: अधिकारी व करदाता यांची समक्ष भेट न होता केलेल्या एका आयकर आकारणीत अस्तित्वातच नसलेले निवाडे आधारास घेतलेले आढळले, आणि न्यायालयाला तो हुकूम रद्द करावा लागला. तो करदाता मुंबईपर्यंत पोहोचू शकला. आमच्या खकनारच्या कोरकू-मराठी शेतकऱ्याने जबलपूर गाठावे कसे? केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांस बजावले आहे की निर्णय वा निष्कर्ष यंत्राकडून घेऊ नयेत आणि यंत्राने केलेला अनुवाद जाणत्या माणसाने तपासावा. मध्य प्रदेशातही न्यायाधीशांना व महसुली अंमलदारांना असाच स्पष्ट दंडक हवा. आपल्या जिल्ह्याला तो विशेषच हवा, कारण 1956 च्या प्रांतरचनेत आपण हिंदी राज्यात राहिलो तरी कित्येक घरांच्या पेट्यांतील मोडी व मराठी दस्तऐवज तसेच आहेत, आणि ‘मुदतखरेदी’चा कागद यंत्राने साधी खरेदी म्हणून हिंदीत उतरविला तर गहाण पडलेली जमीन कायमची गेली असे ठरेल.

याच शहरातील जामा मशिदीत फारुकी सुलतानाने 1590 मध्ये अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरविला. एका भाषेत सारी प्रजा मावत नाही याचे भान त्याला होते. आमची मागणी त्याहून मोठी नाही. नामांतरणाची सूचना मोबाइलवर जावो, पण तीच गावच्या चावडीवर हिंदीबरोबर मराठीतही लागावी व कोटवाराने दवंडी देऊन वाचून दाखवावी. पटवाऱ्याने सर्व वारसांची, विवाहित मुलींचीही, चौकशी केल्याचे अहवालात स्वहस्ते नमूद केल्यावाचून हुकूम होऊ नये. ज्या अनुवादास वा मसुद्यास यंत्र लागले त्यावर तसे लिहून तपासणाऱ्या अधिकाऱ्याने नावानिशी सही करावी.

संविधानाच्या अनुच्छेद 350 अन्वये गाऱ्हाणे देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. म्हणून ही मागणी प्रत्येकाने मराठीतच लिहावी, सासरी असलेल्या बहिणींच्या सह्या घ्याव्यात, आणि अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच व आवक क्रमांक अवश्य घ्यावा.