जाहिरातीतला चेहरा मालक होतो तेव्हा

मी राहतो त्या एर्लांगेनपासून हेर्त्सोगेनआउराख हे गाव जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. डासलर बंधूंच्या भांडणातून १९४८-४९ मध्ये इथेच पुमा आणि आदिदास या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून खेळाच्या बाजारात एक रीत रूढ झाली. बूट कंपनीचे, पाय खेळाडूचे. खेळाडूला मानधन मिळणार, कंपनी मात्र मालकाचीच राहणार. ही रीत आता बदलतेय आणि त्याची ताजी उदाहरणं आपल्या क्रिकेटमध्येच आहेत.

विराट कोहलीने २०१७ मध्ये पुमाशी आठ वर्षांचा करार केला. तो सुमारे ११० कोटी रुपयांचा असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. २०२५ मध्ये विराट तिथून बाहेर पडला आणि पुमा इंडियाचेच माजी प्रमुख अभिषेक गांगुली यांच्या अ‍ॅजिलिटास कंपनीत त्याने ४० कोटी रुपये गुंतवले. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर शेवटच्या वर्षांत आदिदासचं नाव असायचं. तोही २०२५ मध्ये ‘टेन एक्स यू’ या ब्रँडचा सहसंस्थापक झाला.

आम्हा आयटीवाल्यांना हा हिशेब लगेच कळतो. पगार कितीही मोठा असला तरी नोकरी सुटली की थांबतो, शेअर मात्र आपल्याकडे राहतात. खेळाडूची कारकीर्द तर पस्तिशी-चाळिशीतच संपते.

युरोप-अमेरिकेत हा प्रयोग बर्फावर आधीच झालाय. २००२ मध्ये टॅनर हॉल, जे. पी. ऑक्लेअर अशा काही स्कीपटूंनी गुंतवणूकदारांना सोबत घेऊन ‘आर्माडा’ ही कंपनी काढली. हे लोक उलटसुलट उड्या मारणारे, त्यांना दोन्ही टोकं वर वळलेली स्की लागायची. नेमकं काय हवं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण २०१७ मध्ये आर्माडा अ‍ॅमर स्पोर्ट्सने विकत घेतली. अ‍ॅटॉमिक आणि सॉलोमन हे बडे ब्रँडही त्यांचेच. सलग आठ वेळा एकूण विश्वचषक जिंकणारा ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर निवृत्तीपर्यंत अ‍ॅटॉमिकच्या स्कीवर धावला, आणि निवृत्तीनंतर २०२१ मध्ये त्याने ‘व्हॅन डीअर’ ही स्वतःची कंपनी काढली. पुढच्याच वर्षी रेड बुल त्यात भागीदार झालं.

म्हणजे स्वतंत्र कंपनी सुरू करणं एक आणि ती स्वतंत्र ठेवणं दुसरं. साचे, कच्चा माल, गोदाम, दुकानं या सगळ्याला पैसा लागतो, आणि पैसा देणारा कधी ना कधी परतावा मागतोच. नुसत्या चेहऱ्यावर पहिला जोड खपेल, दुसरा खपायला तो पायाला बसावा लागतो. अ‍ॅजिलिटासने २०२३ मध्ये मोचिको ही बूट बनवणारी कंपनी आधी घेतली, ती उगाच नाही.

मला आर्माडाचा धडा जास्त मोलाचा वाटतो. विराट-सचिनकडे नाव आहे. त्या पोरांकडे मुख्यतः आपल्या खेळाची जाण होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मातीतून मॅटवर आलेल्या या खेळात धावता धावता गर्रकन वळायला, खांबाशी झेप घ्यायला बूट कसा हवा, हे त्यांना विचारायचं की हेर्त्सोगेनआउराखच्या इंजिनिअरला? आपल्याकडच्या गुंतवणूकदारांनी क्रिकेटच्या पलीकडे बघून हा प्रश्न खो-खोच्या, कबड्डीच्या खेळाडूंना विचारावा. आणि उत्तर मिळालं, तर त्यांच्या हातात मानधनाचा चेक ठेवून मोकळं होऊ नये. कंपनीत हिस्सा द्यावा.