काउंटरवरच्या डब्यातले पैसे कोणाचे?

प्रति,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क परस्पर लावता येणार नाही, असे प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बजावले. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्यांना काही काळ स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्या सूचना वैध ठरवल्या आणि याचिका करणाऱ्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. पुढे अपील झाले. तो वाद न्यायालयात चालू राहील. प्राधिकरण ग्राहकाच्या बाजूने ठाम उभे राहिले, याबद्दल आभार मानलेच पाहिजेत.

त्याच सूचनांत आणखी एक मुद्दा आहे, त्याची चर्चा फारशी झाली नाही. टिप हा ग्राहक आणि कर्मचारी यांच्यातला वेगळा व्यवहार आहे आणि तो सर्वस्वी ग्राहकाच्या मर्जीचा आहे, असे तिथे म्हटले आहे. हे पत्र त्या मुद्द्यासाठी आहे. व्यवहार दोघांचा असेल, तर पैसे तिसऱ्याच्या खिशात जाता कामा नयेत. आणि आज ते जाणे पूर्वीपेक्षा फार सोपे झाले आहे.

मुंबईतले एखादे सेल्फ सर्व्हिसचे उडुपी हॉटेल सकाळी साडेआठला पाहावे. गल्ल्यावर पैसे भरायचे, कुपन घ्यायचे आणि काउंटरवर गर्दीत हात घालून ते पुढे सरकवायचे. आतला मुलगा एका हाताने कुपन फाडतो, दुसऱ्या हाताने इडलीवर सांबार ओततो आणि त्याच दमात मागच्या चौघांच्या ऑर्डरी आत ओरडून सांगतो. कोणाला सांबार वेगळे हवे, कोणाला डोसा कडक, कोणाच्या पार्सलमध्ये चटणी जास्त. रोज येणाऱ्या आजोबांचा चहा बिनसाखरेचा, हे त्याला सांगावे लागत नाही. टेबलावर वाढणाऱ्या वेटरला निदान बडीशेपेची बशी तरी असते. बिलातून परत आलेले दहा-वीस रुपये लोक तिथे ठेवून उठतात. काउंटरमागच्या मुलाकडे बिल घेऊन कोणी येतच नाही, कारण पैसे आधीच भरलेले असतात. कुठे कुठे त्याच्यासाठी काउंटरच्या कोपऱ्यात झाकणाला फट पाडलेला डबा ठेवलेला दिसतो. त्यात पडायची ती सुटी नाणी.

यूपीआय २०१६ मध्ये आले आणि हळूहळू ती नाणी खिशातून गेली. आता कटिंगचे पैसेसुद्धा क्यूआर कोडवर जातात. गल्ल्याजवळचा स्पीकर रक्कम मोठ्याने सांगतो आणि ती जमा होते मालकाच्या खात्यात. साठ रुपये झाले असताना सत्तर पाठवून ‘वरचे दहा त्या पोराला द्या’ असे सांगणारी माणसे आहेत. ते दहा रुपये त्याला मिळाले का, हे त्यांना कळण्याचा काहीच मार्ग नाही. अनेक मालक प्रामाणिकपणे देतात, रात्री हिशेब करून वाटतातही. पण जिथे देत नाहीत, तिथे त्या कामगाराने विचारायचे कसे? त्याची नोकरी त्याच मालकाच्या हातात आहे, आणि बऱ्याचदा रात्री झोपायची जागाही.

हे पैसे मालकाचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. हॉटेले चालवणाऱ्या आयटीसी कंपनीचा एप्रिल २०१६ मधला खटला आयकराचा होता: ग्राहकाने कार्डावरून दिलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली, तर ती पगार समजून टीडीएस कापायचा का? न्यायालयाने नाही म्हटले. टिप ग्राहकाकडून येते, मालकाकडून नव्हे, आणि हॉटेल ती विश्वस्त म्हणून हाती घेते, असे त्याचे कारण होते. टिप वाटलीच पाहिजे असा हुकूम त्या निकालातून निघत नाही. तरी विश्वस्त म्हटल्यावर रक्कम कोणासाठी ठेवली आहे, याबद्दल शंका उरत नाही.

हा विषय कामगार खात्याचा, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतले उदाहरण वेगळे सांगते. तिथे घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या ॲमेझॉन फ्लेक्सच्या चालकांना ग्राहकांनी दिलेल्या टिपमधून कंपनीने त्यांच्या ठरलेल्या मोबदल्याचाच काही भाग भागवला. पूर्ण टिप चालकाला मिळते, असे मात्र सांगितले जात होते. त्यावर कारवाई केली ती ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने. २०२१ मध्ये कंपनीने ६.१७ कोटी डॉलर परत देण्याचे मान्य केले. ग्राहकाने ज्याला म्हणून पैसे दिले त्याला ते मिळाले नाहीत, तर ग्राहकाचीही फसवणूक झाली, इतका तो साधा हिशेब आहे. भारतातही प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये उबरला ‘ॲडव्हान्स टिप’बद्दल नोटीस पाठवलीच होती. गाडी लवकर हवी तर आधी टिप टाका, असे सुचवणे ही बक्षिसी नव्हे, अडवणूक आहे. तिथे प्राधिकरणाने टिप हा आपला विषय मानला; उडुपीच्या काउंटरवरही तो मानावा.

नियम कसा असावा, याचा नमुना ब्रिटनमध्ये आहे. २०२३ चा टिपवाटपाचा कायदा तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. मालकाच्या हाती आलेली टिप करापलीकडे एक पैसाही न कापता कामगारांना द्यायची, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यायची, वाटप कसे होते ते लेखी ठेवायचे आणि नोंदी तीन वर्षे जपायच्या. छोट्या टपरीला एवढी दप्तरे झेपणार नाहीत, हे मान्य. तिच्यासाठी कामगाराचा स्वतःचा क्यूआर कोड काउंटरवर लावू देणे पुरेसे आहे. पैसे थेट त्याच्या खात्यात, मध्ये कोणी नाही. मोठ्या साखळी-कॅफेंना मात्र ‘टिप कोणाला आणि कशी मिळते’ याची पाटी गल्ल्याजवळ लावणे मुळीच जड नाही.

अमेरिकेची दुसरी रीत मात्र इथे येऊ देऊ नये. तिथे कॉफीच्या काउंटरवर पैसे भरताना स्क्रीन ग्राहकाकडे वळवला जातो आणि त्यावर १८, २०, २५ टक्के असे आकडे मांडलेले असतात. मागे रांग, समोर कामगार बघतोय. त्याच देशात टिप मिळवणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचे किमान वेतन संघराज्याच्या कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबले आहे. बाकीचे टिपने भरून निघेल, असे धरून चालतात. आपल्याकडच्या ॲपवर आणि बिलाच्या मशीनवर टिपची खूण आधीच लावलेली नसावी आणि पदार्थ हाती पडण्यापूर्वी ती मागितली जाऊ नये. मिळालेली टिप दाखवून कोणाचाही पगार कमी करता येऊ नये.

ग्राहकाचीही काही जबाबदारी आहे. काउंटरवर टिप दिलीच पाहिजे असा दंडक नाही, नसावा. टक्केवारी तर तिथे शोभतच नाही. पण ऐन गर्दीत ज्याने आईचा डोसा कमी तेलात करून दिला, पावसात भिजत आलेल्याला पार्सल दोन पिशव्यांत बांधून दिले, त्याच्या हातात दहाची नोट ठेवावी, नाव विचारून ठेवावी. गल्ल्यावर नव्हे, त्याच्या हातात. आणि देणे जमत नसेल त्या दिवशी निदान अरेरावी करू नये.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि सेवा शुल्काच्या तक्रारी तिथे जातात. ‘दिलेली टिप कामगाराला मिळाली नाही’ ही तक्रारही त्याच क्रमांकावर स्वतंत्र नोंदवून घ्यावी, ती ग्राहकाबरोबर कामगारालाही करता यावी आणि तक्रार करणाऱ्या कामगाराचे नाव मालकाला कळू नये, एवढी तजवीज प्राधिकरणाने पुढच्या सूचनांत करावी.

कळावे,

एक ग्राहक