पॅशन होटगीतही आहे, ट्रॅक कुठाय?

एड्रियन सुटिलची गोष्ट तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकली असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. जन्म १९८३ चा, जर्मनीतला. वडील मूळचे उरुग्वेचे, म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारे. मुलगा पियानोत चांगला तयार झालेला. चौदाव्या वर्षी तो कार्टमध्ये बसला आणि पुढची वाट बदलली. २००६ मध्ये जपानची फॉर्म्युला थ्री स्पर्धा जिंकली, २००७ मध्ये फॉर्म्युला वन. त्याची टीम पुढच्याच वर्षी फोर्स इंडिया झाली, म्हणून आपल्यालाही तो थोडा आपला वाटला. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडात भारतातली पहिली ग्रांप्री झाली, तिच्यात सुटिल नववा आला.

गोष्ट छान आहे. मला ती आवडते. माझं भांडण आहे ते तिच्या खाली लिहिल्या जाणाऱ्या ओळीशी. ‘पॅशन असेल तर रस्ता सापडतो.’ पियानो वाजवणारा पोरगा ताशी तीनशे किलोमीटरने गाडी चालवू शकतो, मग तुम्ही कसली कारणं सांगता? शाळेच्या गॅदरिंगला आलेले पाहुणे हेच सांगतात, करिअरच्या शिबिरातले सर हेच सांगतात, आणि रात्री साडेअकराला मोबाइलही हेच सांगतो.

मी होटगीत राहतो. सोलापूरच्या खाली, दक्षिण सोलापूर तालुक्यात. रेल्वेवाल्यांना आमचं गाव नीट ठाऊक आहे, कारण इथे लाइन फुटते: एक वाडीकडे जाते, दुसरी विजापूर, बागलकोट करत गदगला. जवळच एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे, सिमेंटचा कारखाना आहे, त्यामुळे रस्त्यावर अवजड गाड्या कायम. त्या गाड्यांच्या मधून सव्वाशे सीसीची बाइक काढणारी पोरं इथे ढिगाने आहेत. मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपवणारी ही पोरं इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सांगतात, ‘टॅपेट वाजालेत बे.’ कान आहे, हात आहे, नजर आहे, भीती कमी आहे. रील ज्याला पॅशन म्हणते ती हीच असेल, तर ती आमच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. मग होटगीचा सुटिल कुठे आहे?

उत्तर गोष्टीतच आहे, फक्त सांगताना ते भर्रकन उरकलं जातं. ‘चौदाव्या वर्षी तो कार्टमध्ये बसला.’ हे वाक्य पुन्हा वाचा. कुठल्या कार्टमध्ये? कुणाच्या? कुठल्या ट्रॅकवर? कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ चिकटलेली, सस्पेन्शन नसलेली छोटी चारचाकी. ती दिसते खेळण्यासारखी, पण फॉर्म्युला वनचे जवळपास सगळे ड्रायव्हर तिच्यातूनच आले, आणि बहुतेक सात-आठ वर्षांचे असताना. त्या हिशेबाने सुटिल उशिरा आला. तरी त्याचं निभावलं, कारण तो ज्या देशात राहत होता तिथे पोराच्या मनात आलं तर जायला ट्रॅक होता. पियानोपासून कार्टपर्यंतचं अंतर त्याला पार करता आलं. आमच्या पोराला ते पार करायला आधी जिल्हा ओलांडावा लागतो. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, पण सोलापूर–कोल्हापूर ही काही शाळा सुटल्यावर जाऊन यायची वाट नाही.

आणि कार्ट ही फक्त पहिली पायरी. टायर झिजतात, इंजिन उघडून बांधावं लागतं, मेकॅनिक लागतो, प्रवेश फी लागते, राहणं-खाणं लागतं. वर जायचं तर युरोप. तिथे प्रत्येक पायरीवर गुणवत्तेइतकंच बिल मोजलं जातं. संगीत आणि रेसिंगचं नाव निघालं की जाणकार एलिओ डी अँजेलिसची आठवण काढतात. १९८२ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला ड्रायव्हरांनी संप केला, सगळे एका हॉटेलात एकत्र राहिले, तेव्हा डी अँजेलिसने पियानो वाजवून त्यांना रमवलं. सुंदर प्रसंग आहे. त्याच वर्षी तो ऑस्ट्रियात ग्रांप्रीही जिंकला. पण त्याचे वडील रोममधले श्रीमंत बांधकाम व्यावसायिक होते, हे त्या प्रसंगासोबत कुणी सांगत नाही. आणि आपली फोर्स इंडिया? २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कॅनडाचे अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षीपासून त्यांचा मुलगा लान्स तिची गाडी चालवू लागला. पॅशन त्यालाही असेल. बापाकडे टीम होती.

लगेच कुणीतरी लुइस हॅमिल्टनचं नाव घेईल. जरूर घ्या. २००५ मध्ये युरोपच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत हॅमिल्टन आणि सुटिल एकाच टीममध्ये होते. हॅमिल्टन पहिला आला, सुटिल दुसरा. हॅमिल्टनच्या वडिलांनी मुलाच्या रेसिंगसाठी एकापेक्षा जास्त नोकऱ्या केल्या, हे खरंच आहे. पण १९९८ मध्ये, पोरगा तेरा वर्षांचा असताना, मॅक्लॅरनने त्याला आपल्या योजनेत घेतलं, हेही तितकंच खरं. कष्ट बापाचे, दार मॅक्लॅरनचं. दोन्ही लागलं. रीलमध्ये फक्त कष्ट उरतात.

आता उलट बाजूने बघा. आमच्या गावातून संगीताकडे जायचं तर काय लागतं? मठात हार्मोनियम आहे. भजनी मंडळ आहे, तिथे टाळ धरून बसलेल्या पोराला कुणी उठवत नाही. सोलापुरात क्लास आहेत, परीक्षा आहेत. या लाइनीवरचंच उदाहरण देतो. १९३३ मध्ये गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा गाणं शिकायचं म्हणून घरातून पळाला. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असा हिंडला. खिशात पैसे नव्हते. आगगाडीत लोकांना गाणं ऐकवत प्रवास केला. पुढे वडिलांनी शोधून परत आणला आणि १९३६ मध्ये कुंदगोळला सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य केलं. गुरूच्या घरी कामं करत तो शिकला. त्याचं नाव भीमसेन जोशी.

या माणसाला मोटारींचं जबर वेड होतं, हे त्यांचे चाहते जाणतात. स्वतः गाडी हाकत लांबलांबच्या मैफलींना जायचे, वेगात जायचे, इंजिनातलं त्यांना कळायचं. म्हणजे संगीत आणि वेग, दोन्ही एकाच देहात होतं. गाण्यासाठी त्यांना कुंदगोळ सापडलं. तिथे फी नव्हती तर श्रम चालत होते. वेगासाठी त्या काळात कुंदगोळ नव्हतंच. मी असं म्हणत नाही की भारताने एक रेसिंग ड्रायव्हर गमावला. भीमसेन गायले हेच आपलं भाग्य. मी इतकंच म्हणतो की बिनतिकीट निघालेल्या पोराला एका कलेत भारतरत्नापर्यंत जाता आलं आणि दुसऱ्यात ते पोर पहिल्या फाटकावरच अडलं असतं. पोर तेच, पॅशन तीच.

‘संगीताला खर्चच नाही, रेसिंगला आहे, तुलना कशी करता?’ हा आक्षेप सोपा आहे आणि अर्धाच खरा आहे. संगीतही एकेकाळी दरबारात आणि घराण्यांत बंद होतं. गुरूच्या मर्जीशिवाय एक बंदिश मिळत नसे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा आल्या. राजाच्या मेहेरबानीवर चालणारी विद्या सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत आणायची वाट त्यातून तयार झाली. त्या वाटेवरही जात आणि बाईपण आडवं येत होतं; कुंदगोळलाच शिकलेल्या गंगूबाई हनगलांनी ते सोसलं. पण वाट होती. ती आपोआप उगवली नव्हती, कुणीतरी पाडली होती.

रेसिंगमध्येही आपल्याच देशात असं घडलंय. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून स्वस्तातली रेसिंग कार बनवली, तिच्यावर फॉर्म्युला मारुतीच्या शर्यती सुरू झाल्या. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदुरला ट्रॅक झाला. याच वातावरणात वाढलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला; २०१० मध्ये चेन्नईचा करुण चंडोक दुसरा. दोघेही खात्यापित्या घरचे, दोघांच्याही घरात मोटरस्पोर्ट, मान्य. पण मुंबई-पुण्यातही खाती-पिती घरं कमी नव्हती. फरक ट्रॅकचा आणि स्वस्त गाडीचा होता.

दार उघडलं की काय होतं, याची आपल्याकडची दोन उदाहरणं पाहा. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ या शोधमोहिमेतून निवडला गेला आणि पुढे फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला. पुण्याच्या डायना पंडोले शिक्षिका होत्या. २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका टॅलेंट हंटमधून त्या या खेळात आल्या आणि २०२४ मध्ये कार रेसिंगची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरल्या. एक शाळकरी मुलगा, एक शिक्षिका. दोघांच्या बाबतीत कुणीतरी म्हणालं, ‘या, बसा गाडीत, बघू.’ आपल्या पोरांना एवढं एक वाक्य हवंय.

मग म्हणतात, महाराष्ट्राला हे परवडणार नाही. ज्या राज्यात चाकणला, पिंपरीला, नाशिकला गाड्या तयार होतात त्या राज्याबद्दल हे बोललं जातं! ज्या राज्यातल्या महिंद्रांची टीम २०१४ पासून फॉर्म्युला ईमध्ये धावते! गाडी आपण बनवायची आणि तिची शर्यत बघायला मद्रासला जायचं. बरं, शर्यतीचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. बैलगाडा शर्यतींसाठी राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बैलांच्या शर्यतीसाठी दिल्लीपर्यंत जाणारं सरकार इंजिनाच्या शर्यतीसाठी तालुक्यापर्यंत का येत नाही? आमच्याच होटगी रोडवर बघा. विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. बरोबर की चूक, यावर सोलापुरात अजून वाद होतात. पण एक गोष्ट कळली. वेग हवा असला की सरकार चिमणीसुद्धा हलवतं.

उत्तर प्रदेशने काय केलं तेही लक्षात ठेवा. ग्रांप्री आली, तेव्हा तिथल्या सरकारने तिला खेळ न मानता करमणूक ठरवलं आणि करमणूक कर मागितला. २०१३ नंतर ती शर्यत भारतात झाली नाही. म्हणून मी फॉर्म्युला वनचा ट्रॅक मागतच नाही. पंधराशे कोटींचा शोभेचा हत्ती होटगीला नको.

शेवटचा आक्षेप घरातून येतो. ‘पोरांना वेगाचं वेड लावू नका, मरतील.’ २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. वेड लावायला कुणाची वाट बघितली होती? वेग आधीच आहे, रस्त्यावर आहे, हेल्मेटशिवाय आहे, समोरून ट्रक येत असताना आहे. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. तिथे आधी ब्रेक शिकवतात. तिथे हेल्मेटशिवाय गाडीत बसू देत नाहीत. पोराला स्टंटबाज म्हणून दोन फटके देणं सोपं आहे. त्याला कोपऱ्यात गाडी कशी वळवायची हे शिकवणारा माणूस आणणं जास्त कामाचं.

माझी मागणी लहान आहे. जिल्हा क्रीडा संकुलात किंवा एमआयडीसीच्या रिकाम्या जागेत साताठशे मीटरची डांबरी वळणदार पट्टी. कडेने टायरांची भिंत. दहा कार्ट. देखभालीला आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकलची पोरं, म्हणजे त्यांचंही शिक्षण होईल. शनिवारी-रविवारी शाळेच्या मुलांना नाममात्र पैशांत, आणि पैसे नसतील त्याने कार्ट पुसून, टायर उचलून फेरी कमवायची. कुंदगोळला जे चालत होतं ते इथे चालायला हरकत काय? वर्षातून एकदा घड्याळ लावून चाचणी घ्या, पहिल्या दोघांना कोल्हापूर किंवा कोइम्बतूरला पाठवण्याचा खर्च जिल्ह्याने करा. त्यातून फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निघेलच असं कुणी लिहून देऊ नये. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी सगळी पोरंही भीमसेन होत नाहीत. त्यातली कुणी शिक्षक होतात, कुणी तबलजी, बरीचशी चांगले श्रोते. ट्रॅकमधूनही मेकॅनिक निघतील, टेस्ट ड्रायव्हर निघतील, निदान नीट ब्रेक मारणारी माणसं निघतील.

तोवर एक करा. पुढच्या वेळी कुणी पियानोवाल्या पोराची गोष्ट सांगून तुम्हाला पॅशनचं प्रवचन दिलं, तर मध्येच हात वर करून विचारा, ‘सर, त्याची पहिली कार्ट कुणी दिली?’ आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.