कोंबलेल्या हवेचा हिशेब

स्पोर्ट्‌स कारची ताकद वाढवायची असेल तर एकच हिशेब करावा, एका अश्वशक्तीला किती डॉलर पडले; आणि त्या हिशेबात टर्बो किंवा सुपरचार्जर सोडून दुसरं काही बसतच नाही, असं कॅलिफोर्नियातल्या आम्हा मराठी गाडीवेड्यांमधले एक जाणकार गृहस्थ गेली काही वर्षं ठासून सांगत आहेत. त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांच्या सांगण्यावरून तरुण मुलं पहिल्या पिढीची टोयोटा 86 घेतात आणि वर्षभराच्या आत तिच्या इंजिनात हवा कोंबायची तयारी करतात. म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांची बाजू थोडक्यात अशी. 2012 साली आलेल्या या गाडीचं दोन लिटरचं इंजिन मिनिटाला 7000 फेऱ्यांना 200 अश्वशक्ती देतं आणि तीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान त्याचा टॉर्क खचतो. हेडर, एअर इनटेक आणि ट्यूनिंग यांवर दीड-दोन हजार डॉलर ओतले तरी हाती लागतात पंधराएक घोडे. सुपरचार्जरचं किट सहा-सात हजारांना पडतं, पण सत्तर-पंचाहत्तर घोडे देऊन जातं. भागाकार करा, विषय संपला. शिवाय फेरारीने 2014 साली व्ही-8 मध्ये पुन्हा टर्बो आणला, पोर्शेच्या साध्या 911 मध्येही त्याच सुमारास टर्बो आला. म्हणजे स्वतःच्या ओढीने हवा घेणारं, ज्याला सगळे एनए म्हणतात ते इंजिन आता संपलंच. उरतो तो आवाजाचा आणि पेडलच्या प्रतिसादाचा हळवेपणा, आणि हळवेपणाला त्यांच्या लेखी किंमत नाही.

यातले काही मुद्दे चटकन बाजूला काढता येतात. टॉर्कचा खड्डा सुपरचार्जरने भरतो हे खरं, पण तो भरायला तेवढा एकच मार्ग नाही. पाय हलका ठेवला तर रोजच्या वापरात काही बिघडत नाही, असं ते म्हणतात. पाय हलकाच ठेवायचा तर सात हजार कशासाठी? आणि फेरारी-पोर्शेने टर्बो आणला तो धुराच्या आणि इंधनाच्या कडक होत गेलेल्या नियमांमुळे. त्याच पोर्शेने 718 च्या जीटीएसमध्ये चार सिलिंडरचा टर्बो काढून 2020 साली चार लिटरचं एनए इंजिन परत बसवलं, आणि 911 जीटी 3 आजही 9000 फेऱ्यांपर्यंत एनएच फिरते. हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते सांगत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, उष्णता. डॉलर भागिले घोडे या त्यांच्या हिशेबात उष्णतेला रकानाच नाही.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड हाताला गरम लागतं ते यामुळेच. थंडरहिलचा ट्रॅक विलोजजवळ आहे आणि तिथे जुलैत 40 अंश ही नेहमीची गोष्ट. ती 40 अंशांची हवा दीडपट दाबा, म्हणजे अर्धा बार बूस्ट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर पलीकडून हवा बाहेर पडते ती 95 अंशांच्या आसपास. इंटरकूलर ती खाली आणतो, पण ही उष्णता जाते कुठे? इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसतो. त्याच्यातून निघालेली गरम हवा थेट रेडिएटरवर जाते, आणि नेमक्या त्याच वेळी जास्त इंधन जाळणाऱ्या इंजिनाला रेडिएटरची गरज वाढलेली असते. तेलाची अवस्था याहून वाईट. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या 86 मध्ये वेगळा ऑइल कूलर नाहीच. मूळ, काहीही न बदललेली गाडी उन्हाळ्यात ट्रॅकवर जोरात चालवली की तेल 130 अंशांपर्यंत जातं, हे ट्रॅकवर जाणाऱ्या कोणालाही विचारा. त्यावर आणखी तिसऱ्या हिश्शाएवढी ताकद चढवायची आणि त्याला स्वस्त म्हणायचं!

पण खरी अडचण सिलिंडरच्या आत आहे. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो 12.5 आहे. एनए इंजिनासाठी तो उत्तमच. बारीक बारीक गोष्टी जुळवून, थेट सिलिंडरमध्ये आणि पोर्टमध्ये असं दोन्हीकडे इंधन फवारून सुबारू-टोयोटाने तो साधला. आमचे गृहस्थ इथे हुशारीने सांगतात की थेट फवारलेल्या इंधनाच्या बाष्पीभवनाने सिलिंडर गार राहतो, म्हणून 12.5 वरही बूस्ट चालतो. गार राहतो हे बरोबर. पण तो गारवा बनवणाऱ्यांनी आधीच वापरून टाकलाय. त्याच्या बळावरच तर साध्या पंपावरच्या पेट्रोलवर 12.5 पेलतो. एकच शिल्लक दोनदा खर्च कशी करता येईल?

आणि पेट्रोलही कोणतं? कॅलिफोर्नियाच्या पंपावर सर्वांत चांगलं मिळतं ते 91 ऑक्टेनचं. देशाच्या बऱ्याच भागात 93 मिळतं. जपानमधलं हायऑक्टेन, मोजण्याची पद्धत वेगळी धरूनही, आमच्या 91 पेक्षा सरसच. किटच्या जाहिरातीतला आकडा अनेकदा 93 वर घेतलेला असतो किंवा इथेनॉलच्या ई-85 वर. आमच्या पंपावर तोच आकडा काढायला गेलं की इंजिन नॉक करायला लागतं. मग ट्यून करणारा इग्निशन मागे खेचतो. इग्निशन मागे गेलं की ज्वलन उशिरा संपतं आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. म्हणजे उष्णता कमी करायला केलेला उपाय ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो, आणि घोडे तेवढे कमी होतात.

ताकद मोजायच्या डायनोवर यातलं काहीच दिसत नाही. डायनोवरची धाव काही सेकंदांची. बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा, दोन धावांच्या मध्ये गाडी गार होऊ द्यायची मुभा. ट्रॅकवरचं एक सत्र वीस मिनिटांचं असतं. तिसऱ्या फेरीपासून आत येणारी हवा तापत जाते, इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, प्रत्येक अंशागणिक इग्निशन मागे घेतो, आणि सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीशी असलेलं अंतर वाढायला लागतं. शेवटच्या दहा मिनिटांत चालक एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा तेलाच्या काट्यावर ठेवून गाडी चालवतो, नाहीतर गार करायला फेरी सोडून देतो. पंचाहत्तर घोड्यांचे पैसे भरून त्यातले किती घोडे सत्राच्या शेवटी उरतात, याचा भागाकार या गृहस्थांनी एकदा तरी करून दाखवावा.

हे सगळं मी माझ्या मनाने म्हणत नाही. सुबारूने स्वतः हाच प्रश्न सोडवलेला आहे. याच कुळातल्या दोन लिटरच्या इंजिनाला डब्ल्यूआरएक्स गाडीसाठी टर्बो बसवताना त्यांनी कॉम्प्रेशन 12.5 वरून 10.6 वर आणलं. पुढे 2.4 लिटरचं इंजिन आलं तेव्हाही तेच: 86 च्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे एनए जीआर 86 मध्ये, 12.5, टर्बो डब्ल्यूआरएक्समध्ये 10.6. ज्यांनी हे इंजिन घडवलं त्यांनी दोन पिढ्यांत दोन्ही वेळा हवा कोंबायच्या आधी पिस्टन बदलले. आणि आपण पिस्टनला हात न लावता, गॅरेजमध्ये एका शनिवार-रविवारी वरून पट्ट्याचा सुपरचार्जर बसवून म्हणतो की कंपनीला जे जमलं नाही ते आपण स्वस्तात करून दाखवलं. याला धाडस म्हणत नाहीत. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याची ही दिशाभूल आहे, आणि मला राग येतो तो याचाच.

या वादात फॉर्म्युला वनचं 1980 चं दशक कोणी ना कोणी काढतोच, म्हणून तेही एकदा निस्तरून टाकू. दीड लिटरच्या टर्बोने तीन लिटरच्या एनए इंजिनांना हरवलं, मग तुमचं कसलं उष्णतेचं पुराण, असं मला पूर्वीही सुनावलं गेलंय. त्या इंजिनांचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास असे. त्यांत जळत होतं ते टोल्युइनने भरलेलं खास इंधन, पंपावरचं पेट्रोल नव्हे. 1000 अश्वशक्तीच्या पुढचे जे आकडे आजही डोळे विस्फारून सांगितले जातात, ते पात्रता फेरीच्या इंजिनांचे. ती मोजक्या फेऱ्यांसाठी बांधली जात आणि मुख्य शर्यतीत बूस्ट कमी करावा लागे. 1977 साली पहिली टर्बो गाडी उतरली तेव्हा ती इतक्या वेळा वाफ-धूर सोडत थांबली, की तिला पिवळी किटली म्हणायला लागले. ते तंत्र शर्यत जिंकायला लागलं ते कॉम्प्रेशनपासून इंधनापर्यंत सगळं त्यासाठी जुळवल्यावर. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांचंही एक सांगायला हवं. सायलेन्सर मोकळा करून आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं मानणारे पुण्यात आरएक्स 100 च्या काळातही होते आणि इथेही आहेत. लागुना सेकाच्या ट्रॅकवर बहुतेक दिवशी नव्वदीच्या थोडं पुढेमागे डेसिबलची मर्यादा असते. ती ओलांडणाऱ्याला घरी पाठवतात, आणि योग्यच करतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला हेडर इथे रस्त्यावर बेकायदा आहे. तो मी कोणाला सुचवणार नाही, मग त्याने टॉर्कचा खड्डा कितीही भरो.

हवा कोंबणं सगळीकडेच चूक, असंही माझं म्हणणं नाही. 1989 च्या पहिल्या माझदा एमएक्स-5 चं 1.6 लिटरचं इंजिन घ्या. कॉम्प्रेशन 9.4, आणि ठोकळा माझदाच्या टर्बो 323 च्या नात्यातला. तिथे एनए पद्धतीने पैसे खर्चून फारसं काही निघत नाही आणि माफक बूस्ट ते इंजिन वर्षानुवर्षं सोसतं. माझदाने स्वतः 2004 साली एमएक्स-5 ची टर्बो आवृत्ती विकली. डेन्व्हरसारख्या 1600 मीटर उंचीवरच्या गावात राहणाऱ्याची मूळ हवाच साधारण सहाव्या हिश्शाने विरळ असते. त्याने टर्बोचा विचार केला तर तो शहाणपणाचाच. प्रश्न इंजिन कोणतं आणि ते कुठे धावणार, हा आहे. 86 आणि कॅलिफोर्नियाचा उन्हाळा यांचं उत्तर मात्र ठरलेलं आहे.

मग करायचं काय? या गाडीच्या मुख्य अभियंत्याने टर्बो नको, चारही चाकांना ओढ नको आणि फार पकड असलेले रुंद टायर नकोत, असं ठरवून ती बनवली. 215 रुंदीचे, टोयोटाच्या प्रियसवरही दिसणारे मिशेलिन प्रायमसी टायर तिला मुद्दाम दिले. त्यातले टायर बदलायला हरकत नाही. पहिला मोठा फरक तिथेच जाणवतो. ऑइल कूलर बसवा. ब्रेकसाठी जास्त तापमान सोसणारं फ्लुइड आणि चांगले पॅड घ्या.

आणि ताकदीची भूक उरलीच, तर डिफरन्शियलकडे बघा. मूळ मॅन्युअल गाडीचा फायनल ड्राइव्ह 4.1 आहे. 2017 च्या सुधारित गाडीत टोयोटाने स्वतः तो 4.3 केला. तो 4.88 केला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरची ओढ 19 टक्क्यांनी वाढते. ज्या वळणातून तुम्ही 3900 फेऱ्यांवर, नेमके टॉर्कच्या खड्ड्यात, बाहेर पडत होता, तिथून त्याच वेगाने आता 4640 वर बाहेर पडता; खड्डा मागे राहिला. त्यासाठी सिलिंडरमध्ये एका ज्वलनाला एक थेंबही जास्त इंधन जळत नाही, पिस्टनवर जास्तीचा दाब येत नाही. हायवेवर इंजिन जास्त फिरतं, पेट्रोल थोडं जास्त जातं आणि गिअर लवकर बदलावे लागतात. एवढी किंमत द्यावी लागते आणि ती मी लपवत नाही.

डायनोवर या बदलाने एकही घोडा वाढलेला दिसणार नाही. म्हणूनच डॉलर भागिले घोडे या गणितात तो शून्याने भागाकार ठरतो आणि आमचे गृहस्थ त्याचा उल्लेखसुद्धा करत नाहीत.

पेडल दाबल्यावर त्याच क्षणी, दाबलं तेवढंच मिळणं याला ते हळवेपणा म्हणतात. ओल्या वळणात मागची चाकं सुटायला लागल्यावर उजव्या पायाच्या अंगठ्याएवढ्या हालचालीने गाडी सावरता येते ती या प्रतिसादामुळे. हे सुरक्षिततेचं आणि कौशल्याचं साधन आहे, आणि ते हातचं घालवून मिळालेल्या ताकदीला मी सुधारणा म्हणणार नाही.

86 बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. किटची ऑर्डर देण्याआधी उन्हाळ्यातल्या एका ट्रॅक दिवसाला जा, सुपरचार्जर बसवलेल्या गाडीच्या मालकाला शेवटच्या सत्रानंतर भेटा, आणि त्याच्या तेलाचं तापमान व त्या सत्रातला ईसीयूचा इग्निशनचा लॉग मागून बघा. तो बघूनही 200 घोडे कमीच वाटत असतील, तर किटचे सहा-सात हजार आपली गाडी विकून आलेल्या पैशात घाला आणि 2.4 लिटरची जीआर 86 घ्या. तिच्यात 228 अश्वशक्ती आहे, 3700 फेऱ्यांनाच पूर्ण टॉर्क मिळतो, आणि त्या इंजिनाची जबाबदारी ते बनवणाऱ्यांनी घेतलेली आहे.