शुश्रूषेची सावड

भातलावणीच्या दिवसांत आज तुमच्या शेतावर, उद्या आमच्या, अशी सावड आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आली. घरातल्या दुखण्याला मात्र सावड नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या पोशीरच्या एखाद्या सुनेला नेरळच्या बाजारात जाऊन यायचे झाले, तरी तेवढा वेळ घरी कोण बसणार, हा प्रश्न सुटत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाला स्थान नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर पाहणीत तो निदान मोजला तरी गेला. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया मुले, आजारी, वृद्ध अशा घरच्या माणसांची देखभाल करतात. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के आहे. त्यांचा यात जाणारा वेळ रोज सरासरी अनुक्रमे १४० व ७४ मिनिटे.

मदत हवी असणारे घर आणि दोन तास देऊ शकणारा शेजारी यांची गाठ आज मोबाइलवरून सहज घालता येईल. दिलेला तास जमा, घेतलेला तास खर्च, ही वेळ-बँकेची कल्पना अमेरिकेत एडगर कान यांनी १९८० मध्ये मांडली. ती आपल्या सावडीचीच बहीण होय. तथापि, अनोळखी माणसाच्या हाती रुग्ण कोण सोपवील? केरळात १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून पुढे शेजारच्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आखले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनाही त्यात वाटा मिळाला. तेथे आधार होता तो ओळखीचा.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी वर्षाला १२० तास देतात. त्यांतील काही तास, आरोग्य केंद्रात प्राथमिक शिक्षण घेऊन, या कामी का लागू नयेत? यादी ग्रामपंचायतीने ठेवावी, कोणाला घरात घ्यायचे हे कुटुंबाने ठरवावे, निरोप मोबाइलने पोहोचवावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. पण दूरध्वनीवरचा सल्ला उशाशी येऊन बसत नाही. अर्थात, स्वयंसेवक म्हणजे परिचारिका नव्हे. त्याच्याकडे बोट दाखवून शासनाला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.

आणखी एक दक्षता हवी. या यादीत पुन्हा मुलींचीच नावे आली, तर एका स्त्रीचा भार दुसरीच्या डोक्यावर गेला, एवढाच त्याचा अर्थ होईल. म्हणून पहिली नावे मुलांची असावीत.